मेथ्यांचा लगदा

माझी नात चार वर्षांची आहे. तिच्या हातात आलेली प्रत्येक गोष्ट आधी तोंडात जाते, मग तिचं खेळणं होतं. मागच्या सुट्टीत तिच्यासाठी रंगीत मातीचा डबा आणला. डब्यावर इंग्रजीत ‘नॉन-टॉक्सिक’ असं छापलेलं होतं. तिनं विचारलं, “नाना, म्हणजे काय?” मी म्हटलं, “विषारी नाही.” तिनं लगेच पुढचं विचारलं, “म्हणजे खायची?”

मी गप्प झालो. प्रश्न लहान होता, पण तो मला पंचेचाळीस-पन्नास वर्षं मागं घेऊन गेला, आमच्या जुन्या नाशकातल्या घरी, चुलीवरच्या एका पातेल्यापाशी.

माझे अब्बा बुकबाइंडर होते. भद्रकालीच्या बाजूला त्यांचं एका दाराचं दुकान. जून महिना आला की वह्या, हिशेबाची खातेपुस्तकं, वाचनालयातली फाटकी पुस्तकं यांचे ढीग लागायचे. या सगळ्या कामाचा जीव खळीत. खळ म्हणजे मैद्याची पातळ लापशी. गार पाण्यात मैदा कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरं पाणी हळूहळू काचेसारखं अर्धपारदर्शक होतं, पळीला जड लागायला लागतं. पिठातले स्टार्चचे कण साधारण साठ-सत्तर अंश उष्णतेला पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात, म्हणून तसं होतं. खळ दुकानात शिजवायला जागा नव्हती, म्हणून अम्मी ती घरी शिजवायची.

पण नुसती खळ वापरली तर पुस्तकाला झुरळं आणि कसर लागते. पीठ ते, त्यांचं जेवणच. म्हणून बाइंडर लोक खळीत मोरचूद घालत. मोरचूद म्हणजे तांब्याचं क्षार, कॉपर सल्फेट. निळेशार, पारदर्शक खडे. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना ते नवं नाही. चुन्याबरोबर त्याचं बोर्डो मिश्रण करून वेलींवर फवारतात. बुरशीला जे मारतं ते किड्यालाही मारतं, आणि माणसाच्या पोटालाही सोडत नाही.

१९७८ साल असावं. मी आठ वर्षांचा, बहीण अडीच वर्षांची. खळ शिजवून, मोरचूद घालून पातेलं गार करायला ओट्याखाली ठेवलेलं. लापशीच ती दिसायला. बहिणीनं बोटं बुडवून चाटली. किती चाटली कोणी पाहिलं नाही. थोड्या वेळानं तिला उलट्या सुरू झाल्या, आणि उलटीचा रंग हिरवट-निळा होता. अम्मीनं तो रंग पाहिला आणि तिला काय झालं ते कळलं.

कोणी म्हणालं, मिठाचं पाणी पाजा. समोरच्या वाड्यातल्या माईंनी ते पाजू दिलं नाही. तिला उचलून त्या अम्मीबरोबर थेट दवाखान्यात गेल्या. आज डॉक्टर लोक हेच सांगतात, की मुलानं काही विषारी गिळलं तर घरी उलटी करवू नका, मिठाचं पाणी तर मुळीच देऊ नका. जे खाल्लं त्याचा डबा किंवा नमुना बरोबर घ्या आणि निघा. माईंना हे कोणी शिकवलं होतं, मला माहीत नाही. बहीण दोन दिवसांनी घरी आली. अब्बा त्या दोन दिवसांत कोणाशी बोलले नाहीत. त्यानंतर खळ कधीही आमच्या घरात शिजली नाही. दुकानाच्या मागच्या बोळात त्यांनी स्टोव्ह मांडला. मोरचूद मात्र बंद झालं नाही, कारण किडलेलं पुस्तक घेऊन गिऱ्हाईक परत आलं असतं, आणि घर त्या गिऱ्हाइकावर चालत होतं.

त्या प्रसंगानंतर माई एक दिवस अम्मीला म्हणाल्या, “अहो, किड्याला पळवायला विषच कशाला हवं? आमच्याकडे मेथ्या असतात.”

मेथ्यांचा आणि कागदाच्या लगद्याचा हा उपयोग आपल्या आधीच्या पिढीतल्या पुष्कळ बायकांना ठाऊक होता. बांबूची सुपं, दुरड्या, टोपल्या जुन्या झाल्या, विरळ झाल्या की रद्दी कागद भिजवून, कुटून, त्यात वाटलेल्या मेथ्या घालून त्या लिंपायच्या. फटी बुजायच्या, धान्य सांडायचं नाही, आणि मेथीच्या कडूपणामुळे कीड लवकर शिरायची नाही. काहीजणी तर बांबूची टोपलीही घेत नसत. पालथ्या पातेल्यावर लगदा थापायचा, वाळला की अलगद काढायचा, की झाली टोपली. मूर्तीकाम, खेळणी, मुखवटे, शाळेतले डोंगर-नद्यांचे नकाशे, सगळं या लगद्यातून होतं. आज ज्याला आपण ‘मॉडेलिंग कंपाउंड’ असं भारदस्त नाव देतो, ते आपल्या माजघरात होतं.

अब्बांच्या दुकानात लगद्यासाठी सोन्यासारखा माल होता, तो म्हणजे कातरण. वह्या शिवून झाल्या की तीन बाजू कापून सरळ करतात. त्या कापलेल्या पट्ट्या कोऱ्या, शाई न लागलेल्या. पहिली टोपली अब्बांनी स्वतः, त्या कातरणाची केली. ती अजून आमच्याकडे आहे.

श्रोतेहो, मी बीए झालो तो मराठी घेऊन. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीत संपला. पण हा लगदा इतकी वर्षं केल्यावर त्यामागचं कारण समजून घ्यावंसं वाटलं, आणि ते अगदी सोपं आहे. कागद म्हणजे झाडाच्या बारीक तंतूंची चटई. हे तंतू सेल्युलोजचे. पाण्यात भिजवून कुटलं की चटई उसवते आणि तंतू मोकळे होतात. पाणी निघून गेलं की तेच तंतू पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात. मराठवाड्यात दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवर कागदीपुरा नावाचं गाव आहे. तिथले कागदी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हातकागद करत आले, तो याच तत्त्वावर. आपण फक्त तो कागद सपाट न करता त्याला आकार देतो.

मग मेथ्या कशाला? मेथीच्या दाण्यात एक चिकट द्रव्य असतं, त्याला गॅलॅक्टोमॅनन म्हणतात. गवारीच्या बियांतला गवारगोंद त्याच कुळातला. भिजवलेल्या मेथ्या वाटल्या की फेस आल्यासारख्या फुगतात, बुळबुळीत होतात. हा बुळबुळीतपणा तंतूंना एकमेकांवरून सरकू देतो, म्हणून लगदा मऊ आणि एकजीव होतो. वाळल्यावर तोच गोंदाचं काम करतो. शिवाय कडूपणा आहेच. एकदा चाखलेलं मूल दुसऱ्यांदा चाखत नाही.

आता कृती सांगतो. कागद-पेन्सिल घेतली तरी चालेल.

पाव किलो कोरा किंवा एका बाजूनं कोरा कागद घ्या. छापील भाग शक्यतो फाडून टाका. अंड्यांचे करड्या रंगाचे ट्रे मिळाले तर फारच छान, कारण ते आधीच लगद्याचे असतात. गुळगुळीत, चकचकीत मासिकाचा कागद नको, तो नीट भिजत नाही. कागदाचे नखाएवढे तुकडे करा, हातानंच फाडा. कात्रीनं कापलेल्या कडेचे तंतू सहज सुटत नाहीत. दोन-तीन दिवस पाण्यात ठेवा, रोज पाणी बदला, नाहीतर आंबूस वास येतो. मग खलबत्त्यात कुटा किंवा मिक्सरमधून भरपूर पाणी घालून थोडा थोडा फिरवा. मिक्सरचं हे भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. फडक्यात घालून पिळा, पण कोरडाठाक करू नका.

पन्नास ग्रॅम मेथ्या रात्रभर भिजवून सकाळी बारीक वाटा. दोन मोठे चमचे मैदा पेलाभर पाण्यात कालवून खळ शिजवा. मोरचुदाशिवाय, हे आता सांगायला नको. लगदा, मेथ्या आणि गार झालेली खळ एकत्र करून पोळीच्या कणकेसारखं मळा. खळ एकदम ओतू नका, लागेल तशी घाला. पृष्ठभाग गुळगुळीत हवा असेल तर मूठ-दोन मुठी मुलतानी माती किंवा खडूची पूड घाला. जमलं की नाही हे पाहायची खूण अशी: लिंबाएवढा गोळा करून अंगठ्यानं दाबा. कडा फाटल्या तर पाणी किंवा खळ कमी आहे. बोटांना चिकटून वर आला तर जास्त आहे.

थर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड देऊ नका. जाड थर बाहेरून वाळतो, आतून ओला राहतो, आणि मग बुरशी येते. मोठी वस्तू हवी असेल तर पहिला थर वाळवून दुसरा द्या. पहिला दिवस सावलीत, नंतर उन्हात. एकदम कडक उन्हात ठेवलं की वरचा भाग आधी आकसतो आणि तडा जातो. नाशिकच्या उन्हाळ्यात तीन-चार दिवस पुरतात. पावसाळ्यात हा उद्योग करू नका. श्रावणात केलेली माझी एक मोठी परात हिरवी होऊन फेकून द्यावी लागली. उरलेला ओला लगदा झाकून थंड जागी दोन-तीन दिवसच ठेवा.

छापील कागद का नको, हेही सांगायला हवं. शाई ही वाचायला केलेली असते, हाताळायला आणि चघळायला नाही. २०१८च्या अन्नसुरक्षा नियमांनी छापील वर्तमानपत्रात खाण्याच्या वस्तू बांधायला मनाई केली, ती याचसाठी. आपण भजी बांधायची नाहीत, पण त्याच कागदाचा लगदा मुलाच्या हातात तासभर द्यायचा, हे बरं दिसत नाही. मोठ्या माणसांनी मुखवटे करायला वर्तमानपत्र वापरलं तर हरकत नाही, काम झाल्यावर साबणानं हात धुवावेत.

दुसरी गोष्ट रंगाची. लगदा निर्धोक झाला आणि रंग विषारी निघाला, तर सगळी मेहनत वाया. जुनं ते सगळं चांगलं, असं आपण मानतो. पण शेंदूर हा शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा आणि हरताळ आर्सेनिकचा. जुन्या चित्रकारांनी हे रंग वापरले, पण मुलांच्या वस्तूंवर ते नकोत. भिंती आणि घरगुती कामाच्या रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. घरातले त्याआधीचे उरलेले डबे मुलांच्या खेळण्यावर संपवू नका. गेरू, खडू, दिव्याची काजळी, हळद एवढ्यावर पुष्कळ भागतं. हळद उन्हानं फिकी पडते आणि साबण किंवा चुना लागला की लाल होते, पण ती गंमत मुलांना दाखवण्यासारखीच आहे.

लगदा मोठ्या मुलांसाठी. चार वर्षांच्या नातीला काय द्यायचं? तिच्यासाठी शिजवलेली कणीक. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस. सगळं गार असतानाच एकत्र करून मंद आचेवर ढवळा. मोदकाच्या उकडीसारखा गोळा कडा सोडून मध्ये आला की उतरवा, कोमट असताना मळा. रंगासाठी हळद किंवा बिटाचा रस शेवटी मळताना घाला. लिंबाच्या आंबटपणामुळे बिटाचा रंग टिकायला मदत होते, आणि मिठामुळे व आंबटपणामुळे गोळा लवकर नासत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे राहतो. वास आला किंवा ठिपके दिसले की टाकून द्या. टिकाऊपणासाठी बोरॅक्स घालायला सांगणाऱ्या कृती असतात. लहान मुलांसाठी त्या नकोत.

आणि इथं नातीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. सगळं स्वयंपाकघरातलं आहे, म्हणून खायचं का? हिशेब करून पाहा. लिंबाएवढ्या गोळ्यात चहाचे दीड-दोन चमचे मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण एक चमचा. चिमूटभर चाटलं तर काही होत नाही, मूल तोंड वाकडं करतं. पण गोळा गिळला तर मिठाचीच बाधा होते, आणि घरातल्या कुत्र्याला तर ती जिवावर बेतू शकते. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाला ही कणीक देऊच नये. त्याच्यासाठी मैद्याऐवजी तांदळाचं पीठ घ्यावं. तेव्हा ‘निर्धोक’ या शब्दाचा अर्थ ‘खाद्य’ असा नाही. हाताळली, थोडी पोटात गेली तरी इजा होऊ नये, इतकाच आहे. घरात केलेल्या वस्तूलाही तो आपोआप लागत नाही.

बाजारातून घ्यायचंच असेल तर डब्यावर आयएसआयची खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ती सक्तीची झाली आहे. नुसतं ‘नॉन-टॉक्सिक’ कोणीही छापू शकतं. बाजारातल्या या मातींची गोष्टही मजेची आहे. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या विल्यम हारबट या कलाशिक्षकानं १८९७ साली प्लॅस्टिसीन काढलं, कारण विद्यार्थ्यांच्या हातातली माती काम संपायच्या आत वाळायची. अमेरिकेतला प्ले-डो तर मुळात भिंतीवरच्या कागदाची कोळशाची काजळी पुसायचा गोळा. एका बालवाडीच्या बाईंनी मुलांना तो खेळायला दिला, मुलांना आवडला, आणि १९५६ पासून तो खेळणं म्हणून विकला जाऊ लागला.

शेवटचा मुद्दा आपल्या गोदावरीचा. हाताला निर्धोक ते नदीला निर्धोक, असं आपण गृहीत धरतो. प्लास्टर ऑफ पॅरिस घ्या. जिप्सम भाजून केलेली ही पूड पाण्यानं पुन्हा जिप्समच होते, आणि ते लिटरभर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम विरघळतं. म्हणून मूर्ती तळाशी तशीच पडून राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१०मध्ये विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२०मध्ये सुधारून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई सांगितली. पेणच्या कारखान्यांपासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत त्यावर वाद झाले, कारण त्या कामावर हजारो घरं चालतात. मोरचुदावर आमचं घर चाललं, तसंच ते. त्यामुळे मला त्या मूर्तिकारांवर ओरडता येत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टर विरघळवायची रीत दिली. त्यातून अमोनियम सल्फेट हे खत आणि खडूसारखा चुना मिळतो. आपल्याकडे गोदाकाठी विद्यार्थी ‘देव द्या, देवपण घ्या’ म्हणत मूर्ती गोळा करतात, तेही मी पाहतो.

शाडूची माती पाण्यात विरघळते, पण तिचाही गाळ होतो. आणि आमचा हा कागदाचा लगदा? तोही नदीत सोडायचा नाही. तंतू पाण्यात पसरतात, पीठ कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, छापील कागद असेल तर शाईही सुटते. लगद्याची वस्तू जपायची. मोडली तर भिजवून पुन्हा कुटायची. अगदीच निरुपयोगी झाली तर, रंग साधे असतील तर, कुंडीतल्या मातीत मिसळायची.

मागच्या महिन्यात बहीण आली होती. ती आता पन्नाशीची आहे, तिलाही नातू आहे. आम्ही अब्बांची टोपली खाली काढली. तिची एक कड फुटली होती. नात, बहीण आणि मी, तिघांनी कातरण भिजवलं, मेथ्या वाटल्या आणि ती कड लिंपली. नातीनं अपेक्षेप्रमाणे बोट तोंडात घातलं आणि “शी, कडू!” म्हणून काढलं. बहीण हसली. तिला ते पातेलं आठवत नाही. आठवतं ते आम्हाला. अब्बा हयातभर, आम्ही दुकानातून घरात पाऊल ठेवलं की एकच विचारायचे, “हाथ धोए?” मी नातीला तेच विचारलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)